येसराचं पाकीट आणि दुसरी फेरी : महिला सेवा मंडळांच्या कामाचा लेखाजोखा

महिला मंडळाच्या प्रदर्शनात येसराचं, म्हणजे आमटीला लावायच्या भाजक्या मसालेदार पिठाचं, पाकीट हातात घेतलं की आधी उलटं करून पाहावं. मागच्या बाजूला भरल्याचा महिना, वजन, किंमत, मंडळाचा पत्ता आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असेल, तर टेबलापलीकडच्या बायकांनी काम मनावर घेतलंय असं खुशाल समजावं. नुसतं ‘घरगुती येसर’ असं छापलेलं असेल, तर दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, जालना या शहरांत संक्रांतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर महिला सेवा मंडळांची विक्री-प्रदर्शनं लागतात. मंगल कार्यालयात टेबलं मांडतात, त्यावर येसर, काळा मसाला, खारोड्या, कुरडया, शेवया, वाकळी (जुन्या साड्यांच्या गोधड्या). आणि मागे फलक, ‘जमणारी रक्कम वस्तीतल्या सेवाकार्यासाठी’. हे परीक्षण त्या मालाचं आहे आणि त्या फलकाचंही. एका कुठल्या मंडळाबद्दल नाही, तर शहरातल्या गरीब वस्त्यांसाठी पैसा आणि वेळ देणाऱ्या या पद्धतीच्या कामाबद्दल आहे. काय घ्यावं, कशाला देणगी द्यावी आणि कशाला देऊ नये, हे त्यातून कळावं.

आधी माल. लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी वाढली नाही तर मराठवाड्यात जेवण झाल्यासारखं वाटत नाही. ज्वारी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची आणि इतर डाळी, धने, जिरं आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून एकत्र दळायचा. यातला ‘वेगवेगळा’ हा शब्द महत्त्वाचा. घाई झाली की सगळं एकाच कढईत पडतं. मग ज्वारी करपते आणि डाळ आतून कच्ची राहते. असं येसर आमटीला दाटपणा देतं, पण मागून कच्च्या पिठाची चव येते आणि पोटाला जड पडतं. चिमूटभर जिभेवर ठेवलं की लगेच कळतं : खमंग लागलं पाहिजे, दाताखाली कचकच नको. दुसरी चूक पाकीट भरताना होते. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते परातीत पसरून पूर्ण गार न करता पिशवी सील केली की आत वाफ धरते आणि दोन आठवड्यांत गुठळ्या होतात. तिसरी सुक्या खोबऱ्याची. खोबरं घातलेलं येसर पहिल्या दिवशी फार छान लागतं, पण उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात खवट होतं. म्हणून विक्रीच्या येसरात खोबरं नसलेलंच बरं. ज्याला हवं त्याने आमटीत वाटून घालावं. आमटीसाठी चार माणसांना तीन-चार चमचे येसर आधी गार पाण्यात कालवायचं, मगच उकळत्या फोडणीत सोडायचं. ही कृती पाकिटावर छापणारं मंडळ नव्या सुनांचा आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकींचा विचार करतंय, असं समजायला हरकत नाही.

आता किमतीचं. हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पाव किलोचं पाकीट १२० रुपयांना आहे असं धरू. कच्चा माल ४५, दळण ५, पिशवी आणि लेबल ७, भाजणाऱ्या-निवडणाऱ्या बाईची मजुरी २०. एकूण ७७, उरले ४३. हे ४३ रुपये वस्तीच्या कामाला जातात. बऱ्याच ठिकाणी मजुरीचा आकडा शून्य धरलेला असतो, कारण ‘आपल्याच बायका करतात’. तिथे नफा जास्त दिसतो खरा, पण तो कुणाच्या तरी फुकट दुपारींचा असतो, आणि तीन-चार वर्षांत त्या बायका दमून काम सोडतात. जे मंडळ भाजणी-निवडणी वस्तीतल्याच बायकांकडून करून घेतं आणि नगावर रोख मजुरी देतं, तिथे ३०० पाकिटांमागे १२,९०० रुपये सेवेला उरतात आणि शिवाय ६,००० रुपये मजुरीच्या रूपाने आधीच वस्तीत पोचलेले असतात.

याच्या शेजारी दांडियाची रात्र किंवा बक्षिसांचा खेळ ठेवून पाहा. २०० तिकिटं, ३०० रुपयांप्रमाणे ६०,००० जमले. सभागृह १५,०००, ध्वनियंत्रणा १२,०००, ७० रुपयांप्रमाणे नाश्ता १४,०००, बक्षिसं ६,०००. गेले ४७,०००, उरले १३,०००. म्हणजे रक्कम जवळपास तेवढीच, पण वस्तीतल्या बाईच्या हातात वाटेत काहीच पडलं नाही. कार्यक्रमाने ओळखी वाढतात, नव्या सभासद मिळतात, हे मान्य. पण ‘६० हजारांचा निधी उभारला’ असं कुणी सांगितलं तर ‘खर्च वजा जाता किती?’ हे विचारावं. अहवालात दोन्ही आकडे छापणारी मंडळं आहेत, आणि देणगी त्यांनाच द्यावी.

वाकळीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. पाच बाय सात फुटांच्या एकेरी वाकळीला पाच-सहा जुनी लुगडी किंवा सुती साड्या लागतात, आणि वजन दोन-अडीच किलो भरतं. वरचा आणि खालचा थर सुतीच हवा. आतल्या थरात पॉलिस्टरच्या साड्या भरल्या की दोन धुण्यांत त्या सरकतात, गोळा होतात आणि वाकळीला मध्येच फुगवटे येतात. हे तपासायला वाकळ चिमटीत धरून चोळायची : थर एकमेकांवर सरकत असतील तर आत गुळगुळीत कापड आहे. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. कोपऱ्यांना दोरा दुमडून मागे घेतलेला असावा. तसा नसेल तर पहिली उसवण तिथेच होते. साड्या शिवण्याआधी धुऊन त्यांची खळ काढलेली असावी, नाहीतर कसर लागते आणि लाल काठाचा रंग पांढऱ्या थरावर उतरतो. रोज तीन-चार तास बसलं तर एक वाकळ बारा ते पंधरा दिवसांत होते. ही मेहनत पाहता ४००-५०० रुपयांना मिळणारी हातशिलाईची वाकळ स्वस्त म्हणून आनंदाने घेऊ नका. त्या किमतीत एक तर ती यंत्रावर शिवलेली असते किंवा शिवणारीला जवळपास काहीच मिळालेलं नसतं.

आता फलकावरच्या वाक्याकडे येऊ. वस्तीतल्या सेवा पाच-सहा प्रकारच्या असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. आमची फूटपट्टी एकच आहे : दुसरी फेरी होते का? एकदा वाटप केलं, छायाचित्र काढलं आणि परत फिरकलंच नाही, अशा कामाचा वस्तीला उपयोग फार थोडा. त्याच बाईकडे, त्याच मुलाकडे, ठरल्या वाराला पुन्हा जाणं ही खरी सेवा. म्हणून वस्तीतल्या बायका वस्तू घेताना ‘ताई, परत कधी येणार?’ हेच आधी विचारतात.

रक्ततपासणीचं शिबिर घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, तेव्हा गरज आहे यात शंका नाही. पण शिबिरात चुका नेमक्या कुठे होतात ते पाहा. बोटाला टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा असतो. गर्दी वाढली की पहिलाच थेंब पट्टीवर जातो. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं तर त्यात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. त्याऐवजी हात खाली सोडून, चोळून गरम करायचा. पट्ट्यांची बाटली दर वेळी लगेच बंद करायची, आणि एप्रिल-मेमध्ये ती पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर तापत ठेवायची नाही. बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांच्या आत ठेवायला सांगितलेलं असतं आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. प्रत्येकीला नवी सुई, आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड, न भोसकणारा डबा. पॉलिथिनच्या पिशवीत सुया टाकणारं शिबिर तिथल्या तिथे थांबवायला सांगावं.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय. गरोदर नसलेलीचं ८ च्या खाली किंवा गरोदर बाईचं ७ च्या खाली निघालं तर नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही. तिला त्याच दिवशी सोबत घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, संभाजीनगरात म्हणजे घाटीत. बाकीच्यांना लोहाच्या गोळ्या शहरी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात; मंडळाने त्या विकत घेऊन वाटायची गरज नाही. मंडळाचं काम वेगळं आहे. गोळीने शौच काळी होते, मळमळतं, म्हणून बायका आठवड्यात गोळ्या सोडतात. हे आधीच सांगावं लागतं. गोळी जेवणानंतर घ्या, चहा आणि गोळीत किमान तासाभराचं अंतर ठेवा, लिंबू पिळून वरण खा, एवढं घरोघर जाऊन आठवण करणारी एक मावशी वस्तीतच नेमली तर गोळ्या पोटात जातात. महिन्याने पुन्हा टोचून पाहायचं. महिन्यात आकडा निदान एकने वाढायला हवा. वाढला नाही तर एक तर गोळ्या घेतल्या नाहीत किंवा कारण दुसरं आहे, आणि मग डॉक्टरकडे जावंच लागतं. म्हणून देणगी मागायला आलेल्या मंडळाला किती जणींची तपासणी केली हे विचारू नका, किती जणींचा दुसरा आकडा वहीत आहे ते विचारा. २०० जणींच्या एका आकड्यापेक्षा ४० जणींचे दोन आकडे कितीतरी मोलाचे.

धान्याच्या किटबद्दल थोडक्यात. प्राधान्य गटातल्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो आणि अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळतं. त्यामुळे गहू-तांदळाची पोती वाटणं म्हणजे जे आहे त्यातच भर घालणं. बऱ्याचदा तो तांदूळ पुन्हा दुकानात विकला जातो. किट द्यायचंच असेल तर गोडेतेल, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ आणि ज्वारी द्यावी. त्याहून उपयोगी काम म्हणजे ज्यांचं नाव शिधापत्रिकेवर चढलेलंच नाही अशा सुना आणि लहान मुलं शोधून त्यांचे अर्ज भरून देणं. त्याला खर्च फक्त झेरॉक्सचा.

सॅनिटरी पॅडचं वाटप आता सगळीकडे होतं. सहा-सात पॅडचं एक पाकीट ‘महिन्याचं’ म्हणून दिलं जातं, तिथेच हिशेब चुकतो. दर पाच-सहा तासांनी बदलायचं तर दिवसाला चार, पाच दिवसांना वीस. एक पाकीट दोन दिवसही पुरत नाही. मग मुली एकच पॅड दिवसभर वापरतात आणि खाज-जंतुसंसर्ग होतो. धुऊन वापरायचे कापडी पॅड कागदावर स्वस्त आणि चांगले दिसतात, पण त्यांना भरपूर पाणी आणि उघडं ऊन लागतं. ज्या शहरात नळाला अनेक दिवसांनी पाणी येतं, जिथे २०१९ च्या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या मुकुंदवाडीची मुलं रेल्वेने दुसऱ्या स्टेशनावर जाऊन पाण्याचे कॅन भरून आणत होती, तिथे कापडी पॅड देण्याआधी घरात पाणी किती दिवसांनी येतं आणि वाळत घालायला आडोसा आहे का, हे विचारायलाच हवं. वर्षभर पुरवठा झेपत नसेल तर शंभर मुलींना एकदा देण्यापेक्षा पंधरा मुलींना बारा महिने द्यावं.

शिवणयंत्राचं वाटप हा मंडळांचा आवडता कार्यक्रम, आणि सगळ्यात जास्त वाया जाणारा. यंत्र मिळतं, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र मिळतं, काम मिळत नाही. अस्तराचं ब्लाउज नीट बसवायला वर्ष-दोन वर्षांचा सराव लागतो आणि गिऱ्हाईक आपलं मापाचं ब्लाउज नवशिकीकडे देत नाही. त्यामानाने फॉल-पिको लवकर हातात बसतं, कॉलनीतल्या बायका साडी द्यायला कचरत नाहीत आणि रोख पैसा त्याच दिवशी मिळतो. मंडळाच्या सभासदांनी स्वतःच्या साड्या तिथेच टाकल्या तरी पहिले तीन महिने निघतात.

अभ्यासिका मात्र मनापासून शिफारस करावी अशी. ती चालते तेव्हा वस्तीचं रूप बदलतं, आणि ती बंद पडण्याची कारणंही ठरलेली आहेत. एका वर्गात २० ते २५ मुलं आणि दोन ताई, याहून जास्त नको. इयत्तेप्रमाणे बसवण्यापेक्षा वाचता येतं की नाही, हातच्याची वजाबाकी येते की नाही, यावर गट पाडावेत. सातवीतलं पोर दुसरीच्या पातळीवर असणं अजिबात दुर्मीळ नाही. घरी कुणी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतं, कुणी दखनी (दख्खनची उर्दू). पुस्तकी मराठी त्यांना परकी असते, म्हणून पहिले दोन महिने गोष्टी आणि बोलणं. रोज वेगळी ताई आली की अभ्यासिका मोडते. सोमवारची ताई कुठपर्यंत आली हे मंगळवारच्या ताईला माहीत नसतं. उपाय साधा आहे : दारामागे टांगलेली वही, निघताना प्रत्येकीने तीन ओळी लिहायच्या. उसतोडीला जाणाऱ्या घरची मुलं दिवाळीनंतर गायब होतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. त्यांची नावं हजेरीतून काटू नयेत, परतल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करावं. लातूरसारख्या शहरात, जिथे शिकवणीवर घरं लाखांनी खर्च करतात, तिथे दोन गल्ल्या पलीकडच्या मुलाला बसायला दिवा असलेली एक खोलीही नसते. खोलीचं भाडं आणि वीजबिल, एवढी देणगी महिन्याच्या महिन्याला द्यायला कुणीतरी तयार असलं की अभ्यासिका टिकते.

कागदपत्रांची मदत हे सगळ्यात कमी दिसणारं आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं काम. छायाचित्रात ते येत नाही. आधारवर माहेरचं नाव, शिधापत्रिकेवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. एवढ्यावर निराधार योजनेचा अर्ज अडतो, मुलाचा उत्पन्नाचा दाखला अडतो. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याखालच्या) राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाला वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आतलं असल्याचा दाखला लागतो आणि तो काढायला फॉर्म सुटल्यावर धावलं तर वेळ निघून जाते. डिसेंबरातच काढून ठेवावा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून रडकुंडीला आलेल्या कितीतरी जणींचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडत होते. बँकेत आधारची झेरॉक्स देणं म्हणजे खातं आधारशी सीड होणं (सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलं जाणं) नव्हे. सरकारी रक्कम ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं तिथेच जाते, आणि ते कुठलं हे आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलच्या ओटीपीने दोन मिनिटांत दिसतं. एवढं बघून देणारी, मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर बाईला केंद्रावर सोबत नेणारी एक सभासद मंडळात असली तरी वस्तीत दरमहा हजारो रुपये येतात, तेही एक रुपया देणगी न मागता.

यासाठी शिकावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली मेरी हॅरिमन यांनी सुरू केलेल्या ज्युनियर लीग या महिलांच्या स्वयंसेवी संस्थेत आजही नव्या सभासदाला आधी प्रशिक्षणाचा काळ पुरा करावा लागतो. आपल्याकडेही पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून बायकांना शिकवून कामाला उभं केलं. मराठवाड्यातल्या मंडळांनी वर्गणी भरली की सभासद, एवढ्यावर थांबू नये. निदान एक महिना आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मागे मागे वस्तीत फिरल्याशिवाय कुणाला शिबिराच्या टेबलावर बसवू नये.

देणगी देताना पावती घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे म्हणजे ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची करसवलत आहे असं नाही. तिची वेगळी मंजुरी लागते. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्यावर सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआय. जुने कपडे, धान्य, वस्तू दिल्यावर करसवलत नसते, आणि नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही. लेखापरीक्षण झालेला मागच्या वर्षाचा जमाखर्च मागावा. चांगलं मंडळ लगेच काढून देतं.

जुने कपडे देण्याबद्दल एक विनंती. बोहारणीनेही नाकारलेल्या फाटक्या साड्या मंडळाकडे आणून टाकू नका. त्या निवडायला सभासदांचा अख्खा दिवस जातो. धुतलेल्या, मऊ, सुती साड्या वेगळ्या बांधून, चिठ्ठी लावून द्या. त्यांची वाकळ होते.

हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे घेण्याऐवजी १०० ग्रॅम येसराची ५० पाकिटं घेता येतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मागणी एकदम वाढते आणि घाईत भाजणी बिघडते, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ सांगून ठेवा. विधवा, एकल बायकांनाही हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या मंडळाकडूनच ते घ्या. वस्तीत त्याच बायकांची संख्या मोठी आहे आणि येसर बहुधा त्यांनीच भाजलेलं असतं. वाकळीची मागणी मात्र पोळ्याच्या आसपास नोंदवावी. पावसात दोरा भरणाऱ्या बायकांना हातकाम नसतं, आणि दिवाळीनंतर थंडी सुरू होते तेव्हा वाकळ तयार असते.